ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर एकच मेल लावताय? या चुका टाळा

सावद्याच्या एका केळीवाल्या ऑफिसातून फोन आला, भाऊ, जुने मेल गायब होताहेत. पाच कॉम्प्युटर, चारांवर विंडोज आणि आऊटलूक हा मेलचा प्रोग्रॅम, एकावर उबंटू, म्हणजे फुकटचं लिनक्स, कारण लायसनचे पैसे वाचवायचे होते, आणि सगळीकडे एकच आयडी. मेल गायब फक्त उबंटूवर आणि शेठच्या मोबाईलवर. त्यामुळे आख्खं ऑफिस लिनक्सला शिव्या देत होतं.

चूक लिनक्सची नव्हती, माझी होती. तीन आठवड्यांआधी सेटिंग मीच करून दिलेलं. मेल आणायच्या दोन पद्धती असतात, पॉप आणि आयमॅप. आऊटलूकवर मी सवयीने पॉप लावलं, उबंटूच्या थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमने स्वतःहून आयमॅप धरलं, मोबाईलनेपण. आता पॉप मेल उचलून कॉम्प्युटरवर आणतं, आणि आऊटलूक २०१० पासून पुढे सर्व्हरवर (मेल मुळात जिथे साठतात तिथे) कॉपी ठेवायची टिक असते खरी पण तिच्याच खाली १४ दिवसांनी काढून टाका अशी दुसरी टिक पण असते, ती कोण वाचतंय. म्हणून दोन आठवडे सगळं मस्त चाललं, मग सर्व्हर रिकामा व्हायला लागला आणि आयमॅपवाल्यांना सर्व्हरवर आहे तेवढंच दिसतं. आणि पॉपवर पाठवलेले मेल ज्याच्या त्याच्या मशीनवरच राहतात, दिल्लीच्या व्यापाऱ्याला रेट कोणी कळवला हे शेजारच्या टेबलला कळतच नाही.

मेल परत आणता येतात, घाबरू नका. आधी पीएसटी फाईलची (आऊटलूक पॉपचे मेल हिच्यातच ठेवतं) कॉपी पेनड्राईव्हवर घ्या. मग त्याच आऊटलूकमध्ये तोच आयडी आयमॅपने जोडा आणि जुने मेल पॉपच्या इनबॉक्समधून ओढून आयमॅपच्या इनबॉक्समध्ये टाका, ते वर सर्व्हरवर चढतात. हे एकाच मशीनवरून करा, चौघांनी केलं की प्रत्येक मेल चार-चार वेळा. सगळं चढलं हे बघूनच पॉप काढा. पीएसटी शेअर फोल्डरमध्ये ठेवून सगळ्यांनी वापरू म्हणणारे पण भेटतात, नका करू भो, फाईल खराब होते.

मेल येतात पण जात नाहीत? बहुतेक सेटिंगमध्ये जाण्याचा पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) २५ राहिलेला असतो, तो बरेच इंटरनेटवाले बंद ठेवतात. त्याऐवजी ५८७ किंवा ४६५ लावा. ५८७ ला स्टार्टटीएलएस, ४६५ ला एसएसएल (दोन्ही मेल कुलूपबंद पाठवायच्या पद्धती), उलटसुलट लावलं की अडकतं. जाणाऱ्या सर्व्हरला पण लॉगिन लागतं ती टिक विसरू नका. येण्यासाठी आयमॅप ९९३.

सर्टिफिकेटचा (सर्व्हरच्या मुदतीच्या ओळखपत्राचा) एरर एकाच मशीनवर येत असेल तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डचा सेल मेला की लाईट गेल्यावर जुन्या मशीनची तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षात जाते, आणि लोक यस यस दाबत बसतात. सीआर २०३२ चा सेल टाका, काम झालं. विंडोज सेव्हनवरच्या जुन्या आऊटलूकला टीएलएस १.२ (त्याच कुलपाची नवी पद्धत) नीट जमत नाही म्हणून सर्व्हर दारातूनच परत पाठवतो, पासवर्ड दहा वेळा टाकून काय होणार. तिथे थंडरबर्ड ११५ टाका, त्याच्या पुढचं व्हर्जन सेव्हनवर चालत नाही. तसं बघितलं तर ते मशीनच बदला, पण शेठला कोण सांगणार.

जीमेल असेल तर नेहमीचा पासवर्ड या जुन्या प्रोग्रॅममध्ये चालत नाही, टू स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो. तो चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला पण मी पाहिलाय.