वर्गाला खाऊ द्यायचाय? आधी हे ठरवा

नवीन रुजू झालेल्या शिक्षकाला पहिला पगार झाला की वर्गाला काहीतरी खाऊ घालावंसं वाटतं. वाटायलाच हवं. पण तालुक्याच्या बेकरीतून क्रीमचा केक आणून प्रार्थना झाल्या झाल्या कापला, तर दुपारी खिचडी उरते, उपवासाची लेकरं नुसती बघत बसतात, शेजारच्या वर्गातली खिडकीशी जमतात आणि संध्याकाळी एखाद्याचे वडील विचारायला येतात, “सर, केकात अंडं होतं का?” उन्हाळ्यात त्यात उलट्यांचीही भर पडू शकते.

मार्च-एप्रिलमध्ये बीड, परभणी, नांदेडकडे पारा चाळिशीला टेकतो. क्रीम, खव्याचे पेढे, श्रीखंड असे पदार्थ बत्तीस अंशांच्या वर तासाभरापेक्षा जास्त फ्रिजबाहेर राहू नयेत. इथं तर तेवढा वेळ बसच्या प्रवासातच जातो. हातावरचे स्टॅफिलोकोकस जंतू अशा पदार्थात वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही, आणि खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. वासावरून किंवा चवीवरून काही कळत नाही. म्हणून दुधाचा ओला पदार्थ शाळेत नकोच. गारेगार आणि बर्फ घातलेला उसाचा रसही नको, कारण बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे कुणालाच माहीत नसतं. उपवासाला म्हणून भगर शिजवून वाटू नका. बुरशी लागलेल्या भगरीमुळे विषबाधा होते.

सगळ्यात भरवशाचा खाऊ म्हणजे शेंगदाणा-गुळाचा लाडू. तो उपवासाला चालतो, त्यात अंडं-कांदा नाही आणि उन्हात खराब होत नाही. चाळीस लेकरांना प्रत्येकी 25 ग्रॅम धरला तर एक किलो मिश्रण लागतं. साडेसहाशे ग्रॅम शेंगदाणे घ्या. काळे, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे आधीच निवडून टाका, ते भाजले तरी खाण्यालायक होत नाहीत. लोखंडी कढईत मंद आचेवर साल सुटेपर्यंत भाजा. आच मोठी ठेवली तर साल करपते आणि आतला दाणा कच्चा राहतो. साल पाखडली की साधारण सहाशे ग्रॅम उरतात. ते कोमट असतानाच 400 ग्रॅम किसलेला मऊ गूळ घालून मिक्सरला थांबत थांबत फिरवा. पाणी नको, तूपही नको, दाण्याचं तेल सुटलं की लाडू वळतो. वळत नसेल तर कूट जाड राहिलंय, आणखी दोन झटके द्या. सलग फिरवलं तर चिकट गोळा होतो. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा आणि आदल्या संध्याकाळी लाडू वळून स्टीलच्या डब्यात भरा. पाण्याचा हात लागला तर लाडू लवकर बिघडतो.

एका जरी लेकराला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर त्याच्यासाठी वेगळं काही आणू नका, सगळ्यांसाठीच बदला. अशा वेळी केळी उत्तम. साडेतीन डझन आणली की चाळीसांना पुरून दोन उरतात. हे आदल्या दिवशी पालकांना विचारायचं, आणि मुख्याध्यापकांच्या कानावर तर त्याही आधी घालायचं.

हजेरीपटावर बोट ठेवून मोजा आणि वर चार-पाच जास्त धरा. अंगणवाडीतली धाकटी भावंडं हमखास मागं मागं येतात. शाळा लहान असेल तर एका वर्गापुरतं न देता सगळ्या शाळेला द्या. वेळ पोषण आहारानंतरची, शाळा सुटायच्या आधीची. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ रोज शिजतो. त्याआधी पोट भरलं तर ते अन्न आणि स्वयंपाकीण मावशींची मेहनत दोन्ही वाया जातं. रमजानात रोजा धरणाऱ्या मोठ्या मुलांचा लाडू घरी न्यायला द्या. मात्र वर्तमानपत्रात बांधू नका, शाई अन्नाला लागते. पळसाचा द्रोण किंवा लेकराचा स्वतःचा डबा चालतो.

उत्तर बरोबर आलं म्हणून चॉकलेट, ही सवय तर लावूच नका. ज्याला येत नाही तो हात वर करायचं सोडतो. वाढदिवसाला सगळ्यांना चॉकलेट वाटायचा पायंडाही पाडू नका. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या लेकराला स्वतःच्या वाढदिवशी शाळेत यावंसं वाटत नाही, आणि कारण तो कुणाला सांगत नाही. त्यापेक्षा 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झाल्यावर, शाळेतर्फे सगळ्यांना एकच खाऊ द्यावा.

वाटण्याआधी स्वतः एक लाडू खा आणि दोन लाडू झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. कुणाला त्रास झाला तर डॉक्टरांना दाखवायला ते लागतात. उलट्या झाल्या तर ओआरएस घोट-घोट पाजा, घरच्यांना लगेच कळवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. ओठ-चेहरा सुजला किंवा दम लागला तर वाट बघू नका, तिथूनच 108 ला फोन लावा.