गाडी मॉडिफाय केलीय? मग जेट टाकताना या चुका टाळा

फ्री-फ्लो सायलेन्सर बसला, एअर बॉक्स काढून कोन फिल्टर लागला, की पुढचा प्रश्न ठरलेला: "मेन जेट किती नंबरचा टाकू?" जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधला बारीक भोकाचा पितळी तुकडा, त्यातून इंजिनला पेट्रोल मोजून जातं. कुणीतरी आपल्या गाडीतला नंबर सांगतो आणि दुसऱ्या दिवशी तोच जेट बसतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम आले आणि नव्या गाड्या कार्ब्युरेटर सोडून जवळपास सगळ्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. आता हा प्रश्न उरलाय तो आरएक्स १००, जुनी बुलेट, कार्ब्युरेटरवाली पल्सर अशा जीवापाड जपलेल्या गाड्यांचा. म्हणूनच सांगतो, जेटचा नंबर उसना घेऊ नका.

नंबर सांगणाऱ्याचा सायलेन्सर वेगळा असतो, फिल्टर वेगळा असतो, कार्ब्युरेटरही वेगळा असू शकतो. केहिनच्या मेन जेटवरचा १०० हा आकडा साधारणपणे भोकाचा व्यास सांगतो, म्हणजे १ मिलिमीटर. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा मात्र त्यातून किती पेट्रोल जातं ते दाखवतो. दोन्हींवर १०० लिहिलेलं असलं तरी जेट सारखे नसतात.

जुनाच जेट तारेने किंवा बारीक ड्रिलने मोठा करणं तर त्याहून वाईट. १ मिलिमीटरचं भोक १.१ झालं की क्षेत्रफळ थेट २१ टक्क्यांनी वाढतं. पितळ मऊ असतं, आत ओरखडे पडतात, भोक गोल राहत नाही. कचरा काढायचा तर कार्ब क्लीनर मारा, हवेचा झोत द्या, आणि तार लांब ठेवा.

सगळा दोष मेन जेटवर

चौकातून उचलताना गाडी दबते म्हणून मेन जेट बदलला जातो. पण तिथे मेन जेटचं कामच नसतं. रेस बंद असल्यापासून साधारण पाव उघडेपर्यंत पायलट जेट (कमी रेसचा छोटा जेट) आणि स्लाइडचा (रेससोबत वर-खाली होणाऱ्या दट्ट्याचा) काप, पाव ते पाऊण निडल (स्लाइडला लावलेली निमुळती सुई), आणि पाऊणच्या पुढे मेन जेट, अशी ही वाटणी आहे. रेसच्या मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावून पेनाने बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. गाडी नेमकी कोणत्या खुणेवर बिघडते ते दिसलं की अर्धं काम झालं. दुरुस्ती मात्र वरून खाली करा: आधी मेन, मग निडलची क्लिप, शेवटी पायलट आणि कार्ब्युरेटरवरचा मिश्रणाचा स्क्रू. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होतं. हे उलट समजून तासन्‌तास स्क्रू फिरवणारे पुष्कळ आहेत.

जेटच्या आधी रबर बघा

आपल्याकडच्या उन्हात कार्ब्युरेटर आणि इंजिनमधलं रबर कडक होऊन तडकतं. तड दाबल्याशिवाय दिसत नाही. रबर बोटांनी वाकवून खालच्या बाजूनेही बघा. आत खोटी हवा शिरली की रेस सोडली तरी आरपीएम खाली येत नाही आणि सायलेन्सरमधून फटाके फुटतात. हीच लीनची लक्षणं म्हणून मोठा जेट टाकला जातो, आणि फट तशीच राहते. टॅपेट (व्हॉल्व्हची फट), फ्लोटची (कार्ब्युरेटरच्या कपात पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची, प्लग हेही आधी तपासून घ्या. कोन फिल्टर कापडी असेल तर त्याला त्याचं तेल लावा. नांगरटीच्या दिवसांतली आपली धूळ पिस्टनला सोडत नाही.

मे महिन्यात बसवलेला जेट

मराठवाड्यात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मे महिन्यात दुपारी ४२ अंशांत हवा विरळ असते, गाडी रिच वाटते, म्हणून जेट लहान केला जातो. डिसेंबरच्या पहाटे परभणीकडे पारा १० अंशांवर किंवा त्याही खाली येतो. ४२ वरून १० वर आलं की हवा सुमारे ११ टक्क्यांनी दाट होते. जास्त ओढीमुळे कार्ब्युरेटर त्यातला साधारण अर्धा फरक स्वतः भरून काढतो, उरलेल्या पाच-साडेपाच टक्क्यांनी मिश्रण लीन होतं. जेट आधीच काठावर असेल तर एवढं पुरे. म्हणून जेट ठरवायचा तो थंडीच्या सकाळी. उन्हाळ्यात थोडं रिच चाललं तर ॲव्हरेज कमी होईल, पिस्टन वाचेल. लातूर-नांदेडमधल्या उंचीच्या फरकासाठी मात्र जेट बदलायची गरज नाही. तो जेमतेम दीड टक्क्याचा खेळ आहे.

त्यात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. एक भाग शुद्ध पेट्रोल जळायला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर ई-२० भरलं की मिश्रण सात-आठ टक्क्यांनी लीन होतं. सायलेन्सर-फिल्टर बदललेल्या गाडीत हे वेगळं मोजावंच लागतं. गाडी उभीच राहणार असेल तर फ्लोटच्या कपातलं पेट्रोल काढून टाका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पायलट जेट सगळ्यात आधी बुजतो.

आरएक्सवाल्यांसाठी आणखी एक. ही टू-स्ट्रोक गाडी, हिच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. इंजिनला जपायचं म्हणून पेट्रोलमध्ये ऑइल वाढवलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं, गाडी लीन होते आणि पिस्टन जाम होऊ शकतो. आधी ऑइलचं प्रमाण कायम करा, मगच जेट निवडा.

चाचणी मोठ्या जेटपासून सुरू करून एकेक नंबर खाली या. पूर्ण रेसला गाडी अडखळायची थांबली की नवा प्लग लावा. मोकळ्या, रिकाम्या रस्त्यावर हेल्मेट घालून थोडं अंतर पूर्ण रेसवर चालवा, मग क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा. घरापर्यंत आयडलिंगवर आणलेला प्लग पायलट जेटचा रंग दाखवतो, मेनचा नाही. प्लग गार होऊ द्या आणि काढून आतल्या पांढऱ्या चिनी मातीच्या बुडाशी बघा. काळी काजळी असेल तर एक नंबर आणखी खाली या. फिकट तपकिरी असेल तर जेट बरोबर. पांढराफटक असेल तर पुन्हा पूर्ण रेस देऊ नका. हळू परत या आणि दोन नंबर वरचा जेट टाका.