कम्युनिटी कॉलेजमधून कंडक्टचा ईमेल आला तर काय करायचं

कॅलिफोर्नियातल्या आपल्या मराठी घरांमधली बरीच मुलं हल्ली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, करून मग यूसीला नाहीतर कॅल स्टेटला, म्हणजे चार वर्षांच्या सरकारी युनिव्हर्सिटीला, ट्रान्स्फर घेतात, काहीजण हायस्कूलमध्ये असतानाच ड्युअल एन्रोलमेंटमधून कॉलेजचा एखाद-दुसरा क्लास करतात, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर देशातून थेट इथं येणारीही आहेत. फी परवडते, वर्ग लहान असतात, शिकवणारे जीव तोडून शिकवतात. पण तिथले नियम काय आणि त्यात मुलाला हक्क कोणते, हे कुणी वाचतच नाही आणि मग एक दिवस कंडक्टचा, म्हणजे नियम मोडल्याच्या आरोपाचा, ईमेल येतो. आमच्या घरी आला होता, म्हणून हे लिहितेय.

आधी आईवडिलांसाठी, कारण पहिली चूक आपलीच होते. माझी मुलगी सोळाची असताना कॉलेजात मॅथचा एक क्लास घेत होती, मी खिडकीपाशी जाऊन तिचे मार्क विचारले, तर तिथली बाई अगदी हसतमुखानं म्हणाली की सॉरी, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. मी म्हटलं अहो ती सोळा वर्षांची आहे, फी मी भरलीय. काही उपयोग झाला नाही. १९७४ चा फर्पा नावाचा फेडरल कायदा आहे, त्यानुसार मूल कॉलेजात शिकायला लागलं की कॉलेजच्या रेकॉर्डवरचा हक्क त्याचा, वय अठराच्या आत असलं तरी. तुमच्या टॅक्समध्ये मूल डिपेंडंट, म्हणजे तुमच्यावर अवलंबून, असेल तर कॉलेज तुम्हाला माहिती देऊ शकतं, पण द्यायलाच पाहिजे असं नाही. साधा उपाय म्हणजे मुलाच्या सहीचा संमतीचा फॉर्म, तो पहिल्याच आठवड्यात भरून टाका. आणि मुलाच्या अकाउंटवरून आपण ईमेल लिहायचा, हे कृपा करून करू नका. गावाकडे प्रिन्सिपॉलना भेटून येणारे वडील असतात ना, तसं इथं चालत नाही, इथं मुलानं स्वतः बोलायचं असतं. याच कायद्यानं मूल स्वतःची फाइल बघायला मागू शकतं आणि कॉलेजला ४५ दिवसांत ती दाखवावी लागते, हे पुढे कामाला येतं.

आता तो ईमेल. माझा भाचा आमच्याकडे राहून शिकत होता, इंग्लिशच्या निबंधात एआय वापरलं असं सरांना वाटलं आणि प्रकरण डीनच्या ऑफिसात गेलं. पोरगं दोन दिवस जेवलं नाही, घाबरून उत्तरच देईना. ही सगळ्यात वाईट गोष्ट. उत्तर दिलं नाही किंवा मीटिंगला गेलं नाही तर तुमच्याशिवायच निर्णय होऊ शकतो. म्हणून त्याच दिवशी चार ओळींचं उत्तर पाठवायचं: ईमेल मिळाला, मीटिंगला येतो, माझ्यावर नेमका कोणता नियम मोडल्याचा आरोप आहे आणि त्यासाठी काय पुरावा आहे ते लेखी कळवा, सोबत कुणाला आणता येतं तेही सांगा. बास. ईमेलमध्ये सफाई देत बसायचं नाही, रागावून तर मुळीच लिहायचं नाही, कारण लिहिलेला प्रत्येक शब्द फाइलला लागतो.

मग पुरावा गोळा करायचा. भाच्यानं निबंध गुगल डॉक्समध्ये लिहिला होता, त्याची व्हर्जन हिस्टरी उघडली तर रात्री अकरापासून दोनपर्यंत एकेक वाक्य कसं टाइप झालं, कुठं खोडलं, कुठला परिच्छेद वरून खाली नेला, सगळं तारीख-वेळेसकट दिसत होतं. आम्ही त्याचे स्क्रीनशॉट काढले, वहीतल्या कच्च्या नोट्सचे फोटो काढले, सिलॅबसची, म्हणजे शिक्षकांनी वर्गाचे नियम आणि मार्कांचं वजन लिहून दिलेल्या पत्रकाची, प्रिंट घेतली. लक्षात ठेवा, अशा प्रकरणात कोर्टासारखं 'संशयाला जागाच नको' असं नसतं, बहुतेक कॉलेजांत 'असं झालं असण्याची शक्यता जास्त' एवढंच पुरतं. म्हणून 'मी केलं नाही' एवढं म्हणून भागत नाही, दाखवावं लागतं. आणि चूक खरंच झाली असेल तर तसं सरळ सांगा, खोटं बोलल्याचा वेगळा आरोप वर लागतो.

हे हक्क कुणी फुकट दिलेले नाहीत. १९६० साली अलाबामात काही कृष्णवर्णीय विद्यार्थी माँटगोमेरीच्या कोर्टहाउसमधल्या लंच काउंटरवर जाऊन बसले, कारण तिथं फक्त गोऱ्यांनाच वाढायचे, आणि त्यांच्या सरकारी कॉलेजनं काही न विचारता त्यातल्या काहींना काढून टाकलं. ते कोर्टात गेले आणि १९६१ मध्ये डिक्सन खटल्यात निकाल लागला की सरकारी कॉलेजला विद्यार्थ्याला काढण्याआधी आरोप सांगावा लागेल आणि बाजू ऐकावी लागेल. कम्युनिटी कॉलेज सरकारी असतं म्हणून हे लागू. कॅलिफोर्नियाच्या एज्युकेशन कोडमध्ये तर नीट लिहिलंय: वर्गात गोंधळ घातला तर शिक्षक तुम्हाला त्या दिवशी आणि पुढच्या एका तासाला बाहेर ठेवू शकतात, त्यापुढे नाही. कुणाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका म्हणून तडकाफडकी सस्पेंड केलं तरी १० दिवसांत हिअरिंगची संधी द्यावी लागते. आणि कायमचं काढायचं असेल तर ते कॉलेज डिस्ट्रिक्टचं बोर्डच करू शकतं, एकटा डीन नाही.

मार्कांचं मात्र वेगळं आहे. त्याच कोडच्या ७६२२४ कलमाप्रमाणे शिक्षकानं दिलेला ग्रेड अंतिम, बदलायला चारच कारणं चालतात, चूक, फसवणूक, वाईट हेतू किंवा अकार्यक्षमता. 'मी खूप मेहनत केली होती' हे कारण नाही. बेरीज चुकली असेल, सिलॅबसमध्ये ४० टक्के लिहून फायनलला ५० टक्के वजन दिलं असेल, तर ते दाखवा. आधी शिक्षकाला भेटा, मग डीन, मग लेखी ग्रीव्हन्स म्हणजे तक्रार, आणि मुदत कॉलेजच्या कॅटलॉगमधून आजच बघून ठेवा, कारण ती निघून गेली की कुणी ऐकत नाही.

आता आपल्या जबाबदारीचं, कारण इथं आपली मुलं सवयीनं फसतात. जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राची वही आणून उतरवायची, हे आपल्यापैकी कितीजणांनी केलंय! इथं वही देणाराही तेवढाच दोषी धरतात. कोडिंगच्या असाइनमेंटची फाइल व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली तरी तेच. एआयचा नियम प्रत्येक शिक्षकाचा वेगळा असतो, एका वर्गात चालतं ते शेजारच्या वर्गात गुन्हा, म्हणून सिलॅबस वाचा, शंका असेल तर ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. क्लासला जाणं बंद केलं म्हणजे आपोआप नाव निघेल या भरवशावर राहू नका, स्वतः ड्रॉप करा नाहीतर एफ, म्हणजे नापासाचा ग्रेड, लागू शकतो.

मुलाला डिस्लेक्सिया, एडीएचडी असं काही असेल तर हायस्कूलचा आयईपी, म्हणजे मुलाला लागणाऱ्या खास मदतीचा आराखडा, कॉलेजात आपोआप येत नाही. मुलानं स्वतः डीएसपीएस, म्हणजे अशा अडचणी असलेल्या विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या, ऑफिसात जाऊन मागावं लागतं, मगच परीक्षेला जास्त वेळ वगैरे मिळतो, आणि मागण्याआधी दिलेल्या परीक्षा त्यात सहसा धरत नाहीत.

एफ-१ वाल्यांनी एवढंच पाळा की साधारणपणे १२ युनिट्सच्या (क्लासच्या क्रेडिट्सच्या) खाली जाण्याआधी, म्हणजे एकही क्लास ड्रॉप करण्याआधी, डीएसओला, म्हणजे कॉलेजात व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारायचं. सस्पेन्शनची भाषा सुरू झाली तरी पहिला निरोप त्यांनाच द्यायचा. गांजा कॅलिफोर्नियात २१ वर्षं पूर्ण झालेल्यांना कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात नाही आणि कॅम्पसवर चालत नाही, व्हिसावर असताना त्याच्या जवळपासही जाऊ नका.

भाच्याची मीटिंग वीस मिनिटं चालली. मी बाहेर बाकावर बसले होते. त्यानं लॅपटॉप उघडून हिस्टरी दाखवली, निबंधातल्या दोन मुद्द्यांवर तिथंच बोलला, आणि घरी आल्यावर त्याच संध्याकाळी जे बोलणं झालं ते ईमेलमध्ये उतरवून डीनना पाठवलं. तीन आठवड्यांनी प्रकरण बंद झाल्याचं पत्र आलं. काही खासगी युनिव्हर्सिटी ट्रान्स्फरच्या वेळी शिस्तीची कारवाई झाली होती का विचारतात, म्हणून त्या पत्राची पीडीएफ त्यानं तीन ठिकाणी सेव्ह केलीय आणि एक प्रिंट माझ्याकडे पासपोर्टच्या फाइलमध्ये आहे.