दसऱ्याच्या आत: घरगुती फराळाच्या धंद्यासाठी स्वस्त एआय निवडण्याची तयारी

इंदुरात रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा भागांत घरून फराळ, मसाले, पापड-कुरडया विकणारी मराठी घरं आहेत. त्यातल्या काहींचे हिशेब आणि जीएसटीची कामं माझ्याकडे असतात. हल्ली हिशेब मिटला, चहा आला की पुढचा प्रश्न ठरलेला: "एआय कोणतं घेऊ, स्वस्तात?" नाव सांगून मोकळं होता येतं, पण नाव सांगून काम होत नाही. म्हणून ही यादी. गणपती उठले की सुरू करायची आणि दसऱ्याला संपवायची. त्यानंतर कढई चढते आणि कुणाला मान वर करायला फुरसत नसते.

सुरुवात वहीपासून करा. एक आठवडा रोज रात्री लिहायचं, की आज कोणतं काम पुन्हापुन्हा करावं लागलं आणि त्यात किती वेळ गेला. ऑर्डर उतरवून घेणं, "भाव काय" याला उत्तर देणं, स्टेटसला टाकायचा मजकूर, सियागंजच्या व्यापाऱ्याची बिलं चढवणं, उधारीची आठवण. शेजारी तिसरा रकाना आखा आणि त्यात लिहा, की हे काम चुकलं तर ते माझ्या लक्षात कधी येईल. स्टेटसचा मजकूर चुकला तर वाचताक्षणी दिसतो. ऑर्डरमधला किलोचा आकडा चुकला तर गिऱ्हाईक दारात उभं राहिल्यावर कळतं. जीएसटीचा दर चुकला तर नोटीस आल्यावर. ज्या कामातली चूक एका नजरेत दिसते ती कामं आधी एआयला द्यावीत, बाकीची थांबवावीत. स्वस्त-महागाचा हिशेबही इथेच लागतो. महिन्याच्या फीपेक्षा तपासायला बसणाऱ्या माणसाचा वेळ जास्त महाग असतो, आणि घरगुती धंद्यात ते माणूस म्हणजे बहुतेक वेळा तुम्हीच.

वही भरली की हातात आहे ते आधी पुरतं वापरून पाहा. व्हॉट्सॲप बिझनेस ॲप फुकट आहे. त्यात वस्तूंचा कॅटलॉग, ठरलेली उत्तरं, दुकान बंद असल्याचा निरोप आणि "पैसे यायचेत", "पोचवलं" अशी लेबलं आहेत. भाव विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं समाधान कॅटलॉगच करतो, तिथे एआयची गरज पडत नाही. मराठीत बोलून टाइप करायची सोय फोनच्या कीबोर्डवर आहे. हे सोडून "व्हॉट्सॲपवर बॉट (आपोआप उत्तरं देणारी सोय) बसवून देतो" म्हणणारे एजंट आले, तर त्यांना दोन आकडे वेगवेगळे लिहून मागा: त्यांची फी किती आणि मेटाची, म्हणजे व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीची, किती. या वाटेने धंद्याने आपण होऊन पाठवलेल्या टेम्प्लेट (ठरलेल्या साच्यातल्या) निरोपांसाठी जुलै 2025 पासून मेटा प्रत्येक निरोपामागे पैसे घेते. गिऱ्हाइकाने आधी विचारलं आणि 24 तासांत साधं उत्तर दिलं तर त्याचे लागत नाहीत. "दिवाळी ऑफर" सगळ्यांना धाडायची हौस महागात जाते ती अशी. सीझनला दोन-तीनशे ऑर्डरी असलेल्या घराने या वाटेला जाऊ नये, असं माझं मत आहे.

आता नमुने गोळा करा. माझ्या मते या सगळ्या यादीतलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. गेल्या दिवाळीतले खरेखुरे दहा-पंधरा निरोप निवडा, नावं आणि नंबर काढून टाका, आणि प्रत्येक टूलला (चॅटजीपीटी, जेमिनी अशा एआय ॲपला) तेच निरोप द्या. जाहिरातीतलं एआय शुद्ध भाषेतल्या प्रश्नांना उत्तर देतं; आपल्याकडचं गिऱ्हाईक असं लिहितं: "काकू 2 किलो चकली, शंकरपाळे 1, चिवडा पिछली बार जैसा पण शेंगदाणे कम, शुक्रवारी शामको राऊला भिजवाल ना?" (राऊ हे ठिकाण, भिजवाल म्हणजे पाठवाल.) इंदूरची मराठी ही अशीच आहे, तिला नाक मुरडून उपयोग नाही. टूलला सांगा की याचा तक्ता करून दे: पदार्थ, वजन, दिवस, ठिकाण. चकलीचे 2 किलो आणि राऊ हे बहुतेक सगळे बरोबर उतरवतील. खरी परीक्षा "शंकरपाळे 1" आणि "पिछली बार जैसा" इथे आहे. एक म्हणजे एक किलो की एक पाकीट? मागच्या वेळी चिवडा किती होता, हे त्या टूलला ठाऊक असण्याचं कारणच नाही. जे टूल त्या खान्यात "गिऱ्हाइकाला विचारा" असं लिहितं ते कामाचं. जे बिनदिक्कत "500 ग्रॅम" भरून मोकळं होतं, ते फुकट असलं तरी त्यावर काट मारा. "माहीत नसेल तिथे भरू नकोस, प्रश्न लिही" एवढी सूचना वर घालून पुन्हा एकदा पाहायला हरकत नाही. काही टूलं सांगितल्यावर सुधारतात.

उत्तरांचीही अशीच चाचणी घ्या. लोकमान्य नगरातल्या आजींना मराठीत, शेजारच्या सिंधी भाभींना हिंदीत आणि विजय नगरच्या एखाद्या कंपनीला भेट-डब्यांबद्दल इंग्रजीत. नुसतं "मराठीत उत्तर लिही" म्हटलं तर "आदरणीय ग्राहक, आपल्या चौकशीबद्दल मनःपूर्वक आभार" असं सरकारी पत्र हाती येतं. तुम्ही स्वतः पाठवलेली तीन-चार जुनी उत्तरं आधी चिकटवा आणि "याच ढंगात लिही" म्हणा, बराच फरक पडतो. ही उत्तरं एका नोटमध्ये जपून ठेवा. टूल बदललं तरी ती बरोबर नेता येतात.

एक प्रश्न खास फसवण्यासाठी ठेवा: "पाकीटबंद नमकीनवर जीएसटी किती?" 22 सप्टेंबर 2025 पासून तो 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. जुन्या माहितीवर चालणारं आणि इंटरनेटवर न पाहता बोलणारं टूल आजही ठामपणे 12 सांगू शकतं. चुकीच्या उत्तराचा सूर बरोबर उत्तराइतकाच आत्मविश्वासाचा असतो, हे घरातल्या सगळ्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावं. त्याच बैठकीत हिशेबही घालून बघा. 640 रुपयांचे 37 डबे, वर 5 टक्के जीएसटी. उत्तर 24,864 यायला हवं. एवढं बहुतेकांना जमतं. पण चाळीस ओळींची लांबलचक यादी तोंडी बेरीज करायला दिली की गडबड होऊ शकते, कारण ही टूलं मुळात पुढचा शब्द कोणता येईल त्याचा अंदाज बांधत लिहितात. बेरीज गूगल शीट्सला करू द्या. एआयकडून फारतर सूत्र लिहून घ्या.

फोटोंचं थोडक्यात. फराळाचं चित्र एआयकडून बनवून घेऊ नका. भाजणीच्या चकलीऐवजी भलतंच काही येतं, आणि बरोबर आलं तरी ती तुमची चकली नव्हे. खिडकीपाशी ताटाचा फोटो काढा, मागचं साफ करायला आणि उजेड सुधारायला टूल वापरा. कॅन्व्हाच्या फुकट प्लॅनमध्ये मागची बाजू काढून टाकायची सोय नाही, तेवढ्यासाठी पैसे भरण्याआधी फोनच्या गॅलरीतच ती आहे का ते पाहा. चित्रावरची देवनागरी अक्षरं एआयकडून काढून घेतली तर जोडाक्षरं मोडू शकतात. "हार्दिक शुभेच्छा" हे शब्द स्वतः टाइप करावेत.

लेबलाच्या मजकुरात मात्र हात आखडता घ्या. टूल उत्साहाने "रोगप्रतिकारशक्ती वाढवणारे मेथीचे लाडू" लिहून देतं; असे दावे एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमांत बसवावे लागतात. "3 महिने टिकते" हाही त्याचा अंदाजच, तुमचं तेल आणि पॅकिंग त्याने पाहिलेलं नाही. 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक, हिरवा ठिपका, निव्वळ वजन, तारखा आणि शेंगदाणे-दूध-गहू यांचा उल्लेख स्वतः ताडून पाहा. सेवेच्या पाकिटावर "अस्सल रतलामी" सुचवलं तर थांबा. रतलामी सेवेला भौगोलिक मानांकन आहे, ते नाव वाटेल तसं छापता येत नाही.

पैशांकडे येऊ. 2025 मध्ये भारतात फुकटची लाटच आली. ऑगस्टमध्ये ओपनएआयने चॅटजीपीटी गो महिना 399 रुपयांत आणलं, आणि 4 नोव्हेंबरपासून नोंदणी करणाऱ्यांना ते वर्षभर फुकट देऊ केलं. एअरटेलने जुलैत पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभरासाठी दिलं, जिओने जेमिनीचा प्रो प्लॅन 18 महिन्यांसाठी. "भिया, फ्री है, ले लो" म्हटल्यावर इंदुरात कोण मागे राहतो! घरातल्या प्रत्येक फोनवर काय काय चालू आहे, त्याची यादी करा आणि प्रत्येकाची मुदत कधी संपते ते भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहा. पैसे आपोआप कापले जाण्याआधी किमान 24 तास सूचना यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण 15,000 रुपयांपर्यंतच्या अशा नेहमीच्या कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही, आणि ती सूचना सीझनच्या निरोपांच्या ढिगात कुठे जाते ते आपल्याला माहीत आहे. 399 चे वर्षाला 4,788 होतात, हे परवडतं. महिना 1,999 चा प्लॅन म्हणजे वर्षाला जवळजवळ 24,000. त्याची वहीतल्या वेळाशी तुलना करून मगच ठरवा. वर्षाचे पैसे एकदम भरून सवलत घेऊ नका, निदान पहिल्या सीझनला तरी. टूलं इतकी भराभर बदलताहेत की सहा महिन्यांनी तेच काम फुकट होत असेल.

परदेशी कंपनीच्या बिलात एक मेख असते. जीएसटी नंबर नसेल तर कंपनी बिलातच 18 टक्के लावते, विषय संपला. नंबर असेल आणि तो बिलावर टाकला, तर ती कर लावत नाही आणि आपल्याला वाटतं वाचले. वाचत काहीच नाही. तो कर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, तुम्हाला भरावा लागतो. नियमित करदात्याला त्याचं क्रेडिट (पुढच्या करातून वजावट) मिळतं, कंपोझिशनवाल्याला, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का भरणाऱ्या छोट्या धंद्याला, मिळत नाही. त्यामुळे कंपोझिशनमध्ये असाल तर करासकट लिहिलेली नसलेली किंमत 18 टक्के वाढवूनच वाचायची. डॉलरमधल्या प्लॅनवर कार्डाची परदेशी व्यवहाराची फी आणखी वेगळी. आणि बिल दर महिन्याला उतरवून घ्या, वर्षअखेरीस माझ्यासारख्याला शोधायला लावू नका.

खातं धंद्याच्या ईमेलवर आणि धंद्याच्या नंबरवर उघडा. घरोघरी हे खातं भाच्याच्या जीमेलवर असतं. भाचा नोकरीला पुण्याला जातो आणि ओटीपीसाठी ऐन वसुबारसेला त्याची मीटिंग संपायची वाट पाहावी लागते. त्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन आपल्या गप्पा मॉडेल शिकवायला वापरण्याची परवानगी बंद करा. फुकट आणि वैयक्तिक प्लॅनमध्ये ती बऱ्याचदा आधीपासून चालू असते. तरीही आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट आणि गिऱ्हाइकांचे नंबर आत टाकायचे नाहीत. "ग्राहक 1, ग्राहक 2" लिहून काम भागतं. गिऱ्हाइकांची माहिती सांभाळण्याबद्दल 2023 चा कायदा आहे, त्याचे नियमही नोव्हेंबर 2025 मध्ये आले. सासूबाईंच्या भाजणीचं प्रमाणही टाकू नका. ते कायद्यात नसलं तरी धंदा त्यावरच उभा आहे.

एवढं झालं की घरातलं एक माणूस नेमा, ज्याने पाहिल्याशिवाय एआयने लिहिलेलं काहीही बाहेर जाणार नाही. ते माणूस कढईवर उभं असता कामा नये. ऑर्डरची कागदी वही या दिवाळीत चालूच ठेवा, रोज रात्री तक्ता आणि वही समोरासमोर धरून किलो जुळवा.

तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी बँकेचं स्टेटमेंट उघडून बसा. ज्या टूलवर अख्ख्या सीझनमध्ये फारसा हात गेला नाही, ते बंद करा. आधी त्यातली कामाची उत्तरं आणि तक्ते उतरवून घ्या, मग प्लॅन रद्द करा, आणि मग यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपेचा मॅन्डेटही (पैसे आपोआप कापायची दिलेली परवानगी) वेगळा रद्द करा. फोनवरून नुसतं ॲप काढून टाकल्याने पैसे कापले जायचे थांबत नाहीत.