लीड गिटार : वेग अडतो कुठे आणि तो सोडवायचा कसा

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा, रोज दोन-दोनने वाढवा, एक दिवस १६० गाठाल, हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो अर्धाच खरा आहे. ६० वर एका ठोक्यात चार स्वर म्हणजे सेकंदाला चारच स्वर. एवढ्या गतीला पिक (तार छेडायची छोटी चकती) कसंही हलवलं तरी चालतं. मनगट दर आघाताला उचलून पुन्हा टेकवलं तरी स्वर नीट येतो. पण हीच उड्या मारणारी हालचाल १२०-१३० च्या आसपास दमते, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात भरून येतो आणि आकडा तिथेच रुतून बसतो. अशा वेळी आणखी महिनाभर तेच घोटून काही होत नाही. वेगात टिकणारी हालचाल आधी शोधायची आणि मग तीच ठाय लयीत पक्की करायची.

आधी नुसता उजवा हात

(डावखुऱ्यांनी हात उलटे समजावेत.) डाव्या हाताची बोटं तारांवर हलकी टेकवून आवाज बंद करा. मेट्रोनोम १५० वर लावा. तिसऱ्या तारेवर (तारा पातळ बाजूकडून मोजायच्या) एका ठोक्यात चार आघात आणि पुढच्या ठोक्यावर पाचवा, की थांबा. दोन-तीन ठोके हात सैल सोडा, पुन्हा पाच. हा सेकंदाला दहा आघातांचा वेग आहे. सुरुवातीला गचाळ वाजेल, वाजू द्या. इथे स्वच्छता तपासायची नाही, हात न आवळता कोणत्या हालचालीने हे जमतं ते पाहायचं आहे. काहींना मनगट आडवं हलवून जमतं, काहींना कुलपात किल्ली फिरवावी तसा हात फिरवून. दोन्ही चालतात. खांदा वर चढला किंवा कोपर ताठरलं, तर ती हालचाल सोडून द्या.

पिक १ ते १.५ मिलिमीटर जाडीचं, टोकदार घ्या. डनलॉपचं जॅझ थ्री हे १.३८ मिलिमीटरचं छोटं पिक यासाठीच अनेकजण वापरतात. अर्ध्या मिलिमीटरचं पिक स्ट्रमिंगला (सगळ्या तारा एकदम छेडायला) छान, पण लीडला ते वाकतं आणि परत यायला उशीर लावतं. बोटांबाहेर टोक तीन-चार मिलिमीटरच ठेवा आणि पिक तारेला सपाट न लावता किंचित तिरकं धरा, म्हणजे कड तारेवरून घसरते, अडकत नाही.

तार बदलताना

एकाच तारेवर वेग बहुतेकांना सापडतो. घोळ तार बदलताना होतो. पिकचा मार्ग थोडा तिरका असतो. त्यामुळे एका बाजूच्या आघातानंतर पिक तारांच्या बाहेर हवेत येतं आणि दुसऱ्या बाजूच्या आघातानंतर दोन तारांमध्ये अडकून राहतं. तुमचं कोणत्या आघाताला सुटतं हे आधी कळायला हवं. मोबाइल गिटारच्या डोक्याकडून तारांच्या रेषेत ठेवा आणि तिसऱ्या तारेवरचा वेगवान आघात स्लो मोशनमध्ये टिपा. ही दोन मिनिटं पुढचे कित्येक आठवडे वाचवतात.

समजा, अपस्ट्रोकनंतर (खालून वरच्या आघातानंतर) पिक सुटतं. मग डाउनस्ट्रोकने (वरून खालच्या आघाताने) सुरुवात करून प्रत्येक तारेवर समसंख्येने स्वर घ्या. पाचव्या फ्रेटवरची (फ्रेट म्हणजे नेकवरच्या, गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ए मायनर पेंटाटोनिक ही पाच स्वरांची स्वरमालिका दर तारेवर दोनच स्वरांची असल्यामुळे इथे अगदी चपखल बसते. डाउनस्ट्रोकनंतर सुटत असेल, तर तेच अपस्ट्रोकने सुरू करा.

तारेवर तीन स्वर आले की पंचाईत होते. दुसऱ्या तारेवर ५-६-८ आणि पहिल्या, म्हणजे सर्वांत पातळ तारेवर ५-७-८ असं घ्या (हे फ्रेटचे आकडे). अपस्ट्रोकनंतर सुटणाऱ्यांनी सगळे स्वर पिकने वाजवले, तर दुसऱ्या तारेवरचा ८ डाउनस्ट्रोकवर येतो आणि पिक नेमकं तिथे अडकतं. यावर दोन उपाय आहेत. एक, ८ हॅमर-ऑनने, म्हणजे पिक न लावता डाव्या हाताचं बोट तारेवर आपटून वाजवा. पिक ६ वरच्या अपस्ट्रोकनंतर मोकळंच आहे. दुसरा, ८ चा डाउनस्ट्रोक तसाच पुढे ढकलून पहिल्या तारेवरचा ५ घ्या. दुसरा उपाय पातळ तारांकडे जातानाच चालतो. परत येताना ८-७ पिकने, ५ पुल-ऑफने, म्हणजे बोट तारेवरून ओढून काढत, आणि मग दुसरी तार. सगळं पिकनेच वाजवण्याचा हट्ट इथे फुकटचा आहे.

दोन्ही हात एकत्र

पहिल्या तारेवर ५-७-८-७ आणि पुढच्या ठोक्यावर ५, तर्जनी, अनामिका, करंगळी, अनामिका, तर्जनी. मेट्रोनोम ११० वर. पाच स्वर, विश्रांती, पुन्हा पाच. शेवटचा ५ बरोबर ठोक्यावर पडला पाहिजे. लागोपाठ पाच वेळा स्वच्छ आला की नऊ स्वर करा, मग सतरा. लय तीच ठेवून लांबी वाढवायची, लांबी जमली की लय. तबल्याचा रियाज केलेल्यांना ठाय, दुगुन, चौगुनची सवय असते. त्यांनी मेट्रोनोम ५५ वर ठेवून त्यावर आठ स्वर मोजले तर हिशेब तोच राहतो.

नुसत्या उजव्या हाताला १५० जमतं आणि दोन्ही मिळून १०० लाच अडखळतं, तर गडबड बहुधा डाव्या हाताच्या दाबात आहे. बोट तारेला नुसतं टेकवा, आवाज बंद येईल. वाजवत राहून दाब हळूहळू वाढवा आणि स्वर उमटला की थांबा. तेवढाच दाब पुरतो, तोही फ्रेटच्या लगत मागे. जास्त दाबलं तर स्वर चढतो आणि बोट उशिरा सुटतं.

आवाजाची सफाई

स्वर बरोबर पण मागे गुणगुण, ही लीडमधली सर्वांत मोठी घाण. जाड तारा उजव्या तळव्याच्या कडेने ब्रिजजवळ (गिटारच्या अंगावर तारा टेकतात तिथे) बंद ठेवायच्या. वाजवताना पातळ तारांकडे सरकाल तसा तळवाही सरकला पाहिजे. पातळ तारा डाव्या तर्जनीच्या आडव्या अंगाने बंद होतात. शिवाय तर्जनीचं टोक शेजारच्या जाड तारेला किंचित चिकटलेलं असावं.

बेंडमध्ये, म्हणजे तार ढकलून स्वर चढवताना, हे सगळं एकदम तपासलं जातं. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला अनामिका ठेवा, मागे मधलं बोट आणि तर्जनी जोडा, आणि तिन्ही बोटांनी तार एक पूर्ण स्वर वर ढकला. हा सूर दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटशी जुळला पाहिजे. बेंड सोडताना चौथी तार बोटाखालून निसटून खणकते. तळवा तिच्यावर हवाच.

नटजवळ (गिटारच्या डोक्याशी तारा टेकतात त्या पट्टीजवळ) केसांचं रबर बांधून तारा बंद करण्याची युक्ती रेकॉर्डिंगला ठीक आहे. रियाजात ती दोष झाकते. ॲम्प न लावता सराव करण्याचंही तसंच, कारण तेव्हा गुणगुण ऐकूच येत नाही. क्लीन आवाजात आघातांचा असमानपणा कळतो, डिस्टॉर्शनवर (फाटलेल्या, खरखरीत आवाजात) नको असलेल्या तारा कळतात, म्हणून दोन्हीवर वाजवा. गेन (डिस्टॉर्शन कमी-जास्त करणारं बटण) एवढाच ठेवा की हलका आणि जोरकस आघात वेगळा ऐकू यावा.

गिटार आणि वेळ

बाराव्या फ्रेटवर जाड तार सुमारे २ आणि पातळ दीड मिलिमीटर उंच असेल तर हाताला त्रास होत नाही. इलेक्ट्रिकला ९-४२ चा (सर्वांत पातळ आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) तारसंच सुरुवातीला बरा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात दमटपणाने नेक हलते आणि तारा उंच होतात, तेव्हा जूनमध्ये आणि पाऊस सरल्यावर उंची मोजून पाहा. वाजवून झालं की तारा सुक्या फडक्याने पुसा. गंजलेल्या तारेवर बोट घसरत नाही.

छोट्या तुकड्यांचा हा सराव एका वेळी वीस मिनिटं पुरे. बोटांना मुंग्या आल्या किंवा मनगट दुखलं तर त्या दिवशी बंद, आणि दुखणं टिकलं तर डॉक्टर. आठवड्यातून एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून अर्ध्या वेगाने ऐका. ठोक्यावरचा पहिला स्वर आणि तार बदलल्यानंतरचा पहिला स्वर, एवढे दोनच स्वर कान देऊन तपासा.