स्पॅनिश क्रियापदांचे तुकडे आणि आघात: या चुका टाळा

स्पॅनिशमध्ये आघात चुकला की काळ बदलतो, कर्ताही बदलतो. 'आब्लो' म्हणताना 'आ'वर जोर दिला तर 'मी बोलतो', 'ब्लो'वर दिला तर 'तो बोलला'.

नियम छोटा आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्या सिलॅबलवर (म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर), दुसरं व्यंजन असेल तर शेवटच्या सिलॅबलवर, आणि स्वरावर तिरकी रेघ असेल तर तिथेच. घोळ होतो तो त्याआधी, शब्द फोडताना.

आपण 'पुत्र' हा शब्द 'पुत्-त्र' असा म्हणतो. त्याच सवयीने 'आब्-लो' फोडलं जातं. स्पॅनिशमध्ये ब्ल, त्र, प्र या जोड्या फुटत नाहीत: आ-ब्लो, त्रा-बा-खो.

सर्वांत जास्त चुका स्वरांत होतात. आ, ए, ओ हे बळकट स्वर. दोन शेजारी आले तरी वेगळे राहतात, जसं ले-एर (वाचणं). इ आणि उ दुबळे, ते बळकट स्वरात मिसळून जातात. म्हणून 'तो जेवला' हे को-म्यो, दोनच तुकडे, जोर 'म्यो'वर. पण 'तो जेवत असे' हे को-मी-आ, कारण रेघ दुबळ्या इ वर आहे आणि ती दोन्ही स्वरांना अलग करते. बदलणं आणि विश्वास ठेवणं या अर्थांच्या क्रियापदांची मूळ रूपं एकाच साच्याची, काम्ब्यार आणि कोन्फ्यार. तरी 'मी'ची रूपं काम-ब्यो आणि कोन-फी-ओ. हा फरक मूळ रूपावरून ओळखता येत नाही, म्हणून क्रियापद पाठ करतानाच 'मी'चं रूप सोबत घ्या.

मूळ रूपाचा जोर पुढे ओढत नेणं ही आणखी एक खोड. 'आब्लार'मध्ये जोर शेवटी, पण 'ते बोलतात' या 'आब्लान'मध्ये तो 'आ'वर. अनेकवचनाचा न आणि 'तू'चा स जोर हलवत नाहीत. अर्जेंटिनात मात्र 'तू बोलतोस' हे 'आब्लास' शेवटी जोर देऊनच म्हणतात आणि तिथे रेघही लिहितात.

आज्ञार्थाला सर्वनाम चिकटलं की जोर जागचा हलत नाही, पण लिहिताना रेघ येते. 'कोम्प्रा' (विकत घे) वर रेघ नाही. 'कोम्प्रालो' (ते विकत घे) मध्ये पहिल्या ओ वर हवीच.

ब्यो (पाहिलं), द्यो (दिलं), फ्वे (गेला) ही एकाच सिलॅबलची रूपं, त्यांना रेघ नाही. ती 1959 पासून काढून टाकली आहे. त्याआधी छापलेल्या पुस्तकात दिसली तर गोंधळू नका.