रेडिएशनचा कोर्स: शेक किती, मास्क कसा, खाडा का नको

रेडिएशनला आपल्याकडे ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, पण त्यात शेकल्यासारखं काही लागत नाही. टेबलावर दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं. बराचसा वेळ शरीर जागेवर बसवण्यात जातो, किरणं मोजकी मिनिटं. बाहेरून किरणं घेतलेल्याच्या अंगात ती उरत नाहीत. घरी येऊन नातवाला खुशाल मांडीवर घ्या.

डॉक्टरांना मशीनची कंपनी विचारण्यापेक्षा किती ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं माप), किती शेक आणि सोबत केमो आहे का, ते विचारा. तोंड-घशाच्या कॅन्सरला साधारण 66 ते 70 ग्रे, 33 ते 35 शेक, सोमवार ते शुक्रवार. म्हणजे सुमारे सात आठवडे. स्तनाला हल्ली 15 शेकांत 40 ग्रे, काही निवडक जणींना पाचच शेक. हाडात पसरलेल्या कॅन्सरचं दुखणं कमी करायला बऱ्याचदा 8 ग्रेचा एकच शेक पुरतो. गर्भाशयमुखाला बाहेरचे 25 च्या आसपास शेक झाल्यावर ब्रॅकीथेरपी असते: नळ्या बसवून आतून किरणं. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती टाळणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. सगळं मिळून आठ आठवड्यांत संपायला हवं.

खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं केंद्र) प्रोटॉनची, म्हणजे वेगळ्या प्रकारच्या किरणांची, सोय आहे. लहान मुलांच्या किंवा कवटीच्या तळाच्या गाठींना तिचा खरा उपयोग. प्रत्येकाने तिच्यासाठी थांबून राहण्यात अर्थ नाही.

कॅन्सर नसतानाही शेक देतात. केलॉइड (जखमेच्या जागी वाढत जाणारा जाड व्रण) कापल्यावर पहिला शेक शक्यतो 24 तासांच्या आत लागतो, म्हणून सर्जन आणि रेडिएशन विभाग, दोन्हीकडच्या तारखा आधी जुळवा. खुब्याच्या ऑपरेशननंतर नको तिथे हाड वाढू नये म्हणून 7-8 ग्रेचा एकच शेक, ऑपरेशननंतर 72 तासांत. वय कमी असेल तर दुसरा उपाय आहे का, हे आवर्जून विचारा. पुढे कित्येक वर्षांनी कॅन्सर होण्याचा धोका थोडा का होईना असतो.

तोंड-घशाचा कोर्स असेल तर प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनच्या आधीच दातांच्या डॉक्टरांना गाठा. किडका दात काढायचा तर शेक सुरू होण्याच्या किमान दोन आठवडे आधी. नंतर काढला तर जबड्याची जखम भरेलच असं नाही, हाड सडू शकतं. तंबाखू, मिश्री त्याच दिवशी बंद.

मास्क म्हणजे गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लास्टिकची शीट. शेक घेताना डोकं हलू नये म्हणून ती चेहऱ्यावर ताणून बसवतात, काही मिनिटांत कडक होते. दाढी आणि केस आधीच कमी करून जा. मास्क झाल्यावर दाढी वाढवली किंवा उतरवली तर तो नीट बसत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जेवण तुटतं, वजन उतरतं आणि मास्क ढिला होतो. गाल आतल्या आत हलतोय असं वाटलं तर टेक्निशियनला लगेच सांगा, नवा मास्क आणि नवं प्लॅनिंग लागू शकतं. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करा. मऊ वरण-भात, पेज, अंडं, तूप चालू ठेवा. तिखट आणि आंबट नको. दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या: एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा.

ओटीपोटाच्या शेकाला लघवी करून यायचं, मग सांगतील तेवढं पाणी (बरेचदा अर्धा लिटर) पिऊन सांगतील तेवढाच वेळ थांबायचं. मूत्राशय रोज सारखं भरलं नाही तर आतले अवयव जागेवरून सरकतात.

अंगावरच्या मार्किंगच्या रेघा घासू नका. शेकाच्या जागी हळद, उटणं, बाम काही नको. कोमट पाणी, सैल सुती कपडे, मंगळसूत्र बाजूला.

आता खाड्याबद्दल. मधल्या दिवसांत उरलेल्या पेशी वाढतात, म्हणून सुट्टी महागात पडते. जुलैत लोकल बंद पडणारच. कल्याण-विरारहून रोज यायचं असेल तर हॉस्पिटलजवळची धर्मशाळा सोशल वर्करकडून कोर्सच्या आधीच पक्की करा, रेल्वे सवलतीचा फॉर्मही तिथेच मागा. तरीही शेक हुकला तर त्याच दिवशी विभागाला फोन करा: भरपाई म्हणून शनिवारी बोलावता येतं किंवा एका दिवसात किमान सहा तासांच्या अंतराने दोन शेक देता येतात. ते डॉक्टर ठरवतील, पण त्यांना कळलं तरच.